थोरली वीज आणि धाकटी वीज

इंग्रजीत आकाशातल्या विजेला एक नाव आहे आणि घरातल्या विजेला दुसरे. आपल्या मराठीने हा भेद कधी मानला नाही. ढगांतून कडाडत येते तीही वीज, आणि बटण दाबताच माजघरात उजेड पाडते तीही वीजच. तारेतून येणारी नवी शक्ती गावात आली तेव्हा लोकांनी तिचे तोंड पाहिले, जुन्या ओळखीच्या आकाशवासिनीशी साम्य दिसले, आणि 'ही तिची धाकटी बहीण' असे ठरवून त्यांनी तेच नाव तिला देऊन टाकले. हे बारसे करणाऱ्यांनी पदार्थविज्ञानाचे ग्रंथ वाचले होते असे नव्हे. पण नाव मात्र अगदी नेमके पडले. त्या दोघी सख्ख्या बहिणीच आहेत.

दिवाळीचे चार दिवस धाकटीच्या कौतुकाचे. दारावर तिच्या माळा, आकाशकंदिलात तिचा दिवा. पण या धाकटीला आपल्या घरापर्यंत यायचे तर कित्येक कोस उघड्या माळावरून, डोंगरमाथ्यांवरून, तारेच्या वाटेने यावे लागते. आणि त्या वाटेवर केव्हा तरी थोरली भेटतेच. बहिणीबहिणींची ही भेट फार महागात पडते. ती निभावून नेण्यासाठी माणसांनी जी खटपट केली तिचा इतिहास पाऊणदोन शतकांचा आहे. आणि त्याआधीची एक पिढी तर दोघींचे नाते सिद्ध करण्यातच गेली. तिथूनच सुरुवात करू.

*

फिलाडेल्फियाचा छापखानेवाला बेंजामिन फ्रँकलिन याने सुचवले होते, की उंच जागी लोखंडाचा टोकदार गज उभा करावा आणि मेघ डोक्यावर आले म्हणजे त्यातून ठिणगी निघते का ते पाहावे. निघाली, तर काचेची नळी घासून आपण जी वीज काढतो तीच ढगांत आहे असे समजावे. त्याचे हे लिखाण १७५१ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाले आणि प्रयोग प्रथम झाला तो फ्रान्समध्ये. पॅरिसच्या उत्तरेला मार्ली-ला-व्हिल नावाचे खेडे आहे. तिथे दालिबार नावाच्या विद्वानाने सुमारे चाळीस फूट उंचीचा गज उभारून ठेवला होता. १० मे १७५२ रोजी ढग आले तेव्हा दालिबार स्वतः तिथे नव्हता. पहाऱ्यावर होता कोफिए नावाचा एक निवृत्त घोडेस्वार शिपाई. त्याने काचेच्या बाटलीत बसवलेली तार गजाजवळ नेली, आणि चटचट ठिणग्या उडाल्या. शिपायाने गावच्या पाद्र्याला बोलावणे धाडले. पाद्री धावत सुटलेला पाहून गावकऱ्यांना वाटले, की शिपाई विजेने मेला. तो मेला नव्हता. दोन बहिणींचे नाते सिद्ध झाले होते.

पण नात्याची किंमत पुढल्याच वर्षी द्यावी लागली. रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग येथे गेऑर्ग रिखमान नावाचा प्राध्यापक आकाशातल्या विजेचे मोजमाप करू पाहत होता. छपरावरच्या गजापासून त्याने घरात तार आणली होती आणि तिला मोजण्याचे यंत्र जोडले होते. मोजमाप साधावे म्हणून ती तार जमिनीशी जोडलेली नव्हती. तिची वाट त्या खोलीतच संपत होती. ६ ऑगस्ट १७५३ रोजी वादळ आले. रिखमान यंत्रावर वाकून आकडा पाहत होता. यंत्रातून निळसर आगीचा गोळा त्याच्या कपाळावर आला आणि तो जागीच गतप्राण झाला.

रिखमानच्या मृत्यूतून निघालेला धडा या सगळ्या इतिहासाचा पहिला धडा आहे. थोरलीला घरात आणायचे, तर तिला जमिनीपर्यंतची वाट करून द्यावी लागते. वाट दिली नाही तर ती आपली आपण काढते. आणि तशी काढताना मध्ये कोण उभे आहे हे ती पाहत नाही.

*

पुढल्या शतकात माणसाने उघड्यावर तारा ताणायला सुरुवात केली. प्रथम तारायंत्राच्या, आणि मग विजेच्या. माळावर मैलोगणती लोंबणारी तार म्हणजे आकाशाला पसरलेले जाळेच. त्यात थोरली अडकणार नाही तर काय होईल?

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून ते पाणी घाटाखाली खोपोलीला सुमारे १,७०० फूट खाली सोडायचे, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, हे जमशेटजी टाटांचे स्वप्न होते. जमशेटजी १९०४ साली गेले. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते ती वीज सुरू झाली आणि एक लाख व्होल्टच्या दाबाने सुमारे ७० किलोमीटरची वाट चालून मुंबईला पोचली. आता तो मुलूख डोळ्यांपुढे आणा. घाटाचा पायथा, उघडे माळ, खाडीकाठ. चैत्र-वैशाखातला वळीव आणि आश्विनातला परतीचा पाऊस, आणि त्या दोन्ही वेळी आकाशात चाललेला कडकडाट. अशा मुलुखातून तार न्यायची, ती थोरलीचा हिशेब आधी करूनच.

हा हिशेब काय आहे? वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका चुणचुणीत मुलाने विचारले होते, "गुरुजी, तारेवर वीज पडली तर विजेत वीज मिसळेल, मग बिल कमी यायला नको का?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. खरोखर, बहीण बहिणीला भेटली तर बिघडते कुठे?

बिघडते ते घाईमुळे. एका विजेतली सगळी ऊर्जा मोजली, तर ती बेताच्या कुटुंबाला दोन-तीन महिने पुरेल एवढीच भरते, आणि तीही बहुतेक वाटेतली हवा तापवण्यात आणि गडगडाटात खर्च होते. पण ती येते एका सेकंदाच्या दहा लाखांश, पाच लाखांश भागात. समजा, वीस हजार अँपिअरची वीज तारेवर पडली. अशी वीज काही दुर्मिळ म्हणता येत नाही. ती दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी धावणार. म्हणजे एका अंगाला दहा हजार. अशा धावत्या लाटेला उघडी तार सुमारे ४०० ओहमचा अडथळा करते. शाळकरी गुणाकार केला की उत्तर येते चाळीस लाख व्होल्ट! आणि दोन लाख वीस हजार व्होल्टच्या तारेला मनोऱ्यावर टांगून धरणारी चिनीमातीच्या इन्शुलेटरांची माळ असला आघात सोसते तो सुमारे दहा लाखांपर्यंत. तेव्हा लाट माळेवरून उडी मारून मनोऱ्यात शिरते. नाही तर तारेवरून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत टोकाच्या ट्रान्सफॉर्मरवर जाऊन आदळते, आणि त्याची तांब्याची वेटोळी आतल्या आत जळून जातात. एका ट्रान्सफॉर्मरवर सबंध तालुक्याचे दिवे अवलंबून असतात.

ही घाई प्रथम ओळखली ती लिव्हरपूलच्या ऑलिव्हर लॉज या प्राध्यापकाने. १८८८ साली त्याने विजेला दोन वाटा देऊन पाहिल्या. एक होती जाड तांब्याच्या लांबलचक तारेची, म्हणजे राजरस्ताच. दुसरी होती हवेतली फट, म्हणजे वाट नसलेली वाट. साठवलेली वीज एकदम सोडताच ती राजरस्ता सोडून हवेतून उडी मारून गेली! उधळलेली बैलजोडी जशी वळणाचा रस्ता धरत नाही, बांध ओलांडून सरळ शेतात घुसते, तसेच हे झाले. त्या साली बाथ येथे भरलेल्या ब्रिटिश शास्त्रपरिषदेत यावरून लॉजचा आणि इंग्लंडच्या टपालखात्यातला मुरलेला इंजिनिअर विल्यम प्रीस याचा मोठा वाद झाला. प्रीसच्या गाठी अनुभव होता. तांब्याची जाड तार असली की भागले, असे त्याचे म्हणणे. काळाने न्याय दिला तो लॉजच्या बाजूने.

*

मग उपाय काय? लोणावळ्याचे तलाव बांधणाऱ्यांना तो ठाऊकच होता. धरणाला सांडवा ठेवतात. पाणी नेहमीच्या पातळीला असेल तोवर सांडवा कोरडा. पूर आला की वरचे पाणी त्यावरून निघून जाते आणि भिंत वाचते. तारेलाही तसाच सांडवा ठेवायचा. तार आणि जमीन यांच्यामध्ये हवेची एक बेताची फट ठेवायची. नेहमीच्या दाबाला ती ओलांडता येत नाही. थोरलीची लाट आली की ती उडी मारून जमिनीत जाते. या उपकरणाला विजेच्या खात्यातले लोक अरेस्टर म्हणतात.

कल्पना सोपी, पण तिच्या पोटात एक खोडी होती. थोरली फटीतून गेली की जाताना हवा पेटवून जाते. त्या पेटत्या वाटेने मागोमाग धाकटीही निघते! पूर ओसरला, तरी सांडवा उघडाच राहिला आणि धरणाचे पाणी रात्रभर वाहून गेले, तसा हा प्रकार. ट्रान्सफॉर्मर वाचला खरा. पण सगळी वीज जमिनीत जाऊ लागली आणि गाव अंधारात बुडाले. पुढल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास हा या एका खोडीवरच्या उपायांचा इतिहास आहे. सांडवा उघडणे कोणालाही जमते. पूर ओसरताच क्षणात आपला आपण मिटणारा सांडवा हवा होता.

अमेरिकेत एलिहू थॉमसनने लोहचुंबक लावून फटीतली ज्वाला फुंकरल्यासारखी विझवली. वेस्टिंगहाउस कंपनीच्या अलेक्झांडर वुर्ट्सने १८९२ च्या सुमारास ज्यांच्यामध्ये ज्वाला टिकत नाही असे धातू शोधून त्यांच्या ओळीने फटी ठेवल्या. तारांवरचा दाब वाढत गेला आणि हे उपाय तोकडे पडले. १९०७ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या थाळ्या एकावर एक रचून त्यांत क्षारांचे पाणी भरलेला अरेस्टर आला. थाळीवरचा पातळ थर नेहमीचा दाब अडवी आणि मोठी लाट आली की तिला वाट देई. पण तो थर बसल्याजागी विरघळत असे. म्हणून त्याला रोजच्या रोज वीज पाजून ताजा ठेवावा लागे. तेव्हाच्या वीजकेंद्रांतल्या माणसांना देवाच्या नंदादीपासारखी या अरेस्टरची सेवा करावी लागे.

याच काळात न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत, चार्ल्स स्टाइनमेट्झ नावाचा गणिती काम करीत होता. जन्म १८६५ चा, ब्रेस्लाउ शहरातला. पाठीला जन्मजात कुबड, अंगलट ठेंगणी. समाजवादी मतांपायी मायदेश सोडून तो १८८९ साली अमेरिकेला आला होता. नदीकाठी त्याची एक लाकडी झोपडी होती. १९२० साली तिच्यावर वीज पडली आणि आतल्या आरशाच्या ठिकऱ्या उडाल्या. दुसरा कोणी केर काढून मोकळा झाला असता. स्टाइनमेट्झने त्या ठिकऱ्या वेचून दोन काचांमध्ये पुन्हा जुळवल्या आणि थोरली कोणत्या वाटेने आली नि कोणत्या वाटेने गेली ते तिच्या पावलांवरून वाचत बसला.

ती लहर आली म्हणजे येते. तिची वाट पाहत किती दिवस काढायचे? १९२२ साली त्याने प्रयोगशाळेत वीज पाडली. काचेच्या पत्र्यांवर वीज साठवायची आणि एकदम सोडायची. एक लाख वीस हजार व्होल्ट, दहा हजार अँपिअर, आणि आयुष्य सेकंदाचा लाखांश! समोर ठेवलेल्या लाकडाच्या ओंडक्याच्या चिरफळ्या उडत. वृत्तपत्रांनी त्याला वज्र घडवणारा लोहार म्हटले. आपल्या पुराणात इंद्राचे वज्र दधीचीच्या अस्थींचे; इथे वाकलेल्या हाडांच्या एका माणसाने आपले वज्र काचेतून घडवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पंचाहत्तर वर्षांचा एडिसन ते पाहून गेला. पुढल्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १९२३ रोजी, स्टाइनमेट्झ वारला. पण कारखान्यात केलेल्या विजेखाली उपकरण उभे करून मगच ते तारेवर चढवायचे, ही रीत तेव्हापासून रुळत गेली.

*

आता खऱ्या विजेचे माप तारेवरच घ्यायचे होते. जर्मनीतल्या गटिंगेन गावी लिख्टेनबर्ग नावाच्या प्राध्यापकाला १७७७ साली असे दिसले होते, की राळेच्या तबकडीवर विजेची ठिणगी पाडून वर पूड भुरभुरली, तर चांदण्या, फुले, शाखा असलेली सुरेख नक्षी उमटते. विजेने काढलेली रांगोळीच ती! दीडशे वर्षे ती गंमत म्हणून पुस्तकांत पडून होती. १९२४ साली वेस्टिंगहाउस कंपनीच्या पीटर्सने फोटोच्या फिल्मवर ही रांगोळी काढून घेण्याचे यंत्र केले आणि ते हायटेन्शनच्या तारांना जोडले. जेवढी लाट मोठी तेवढे फूल मोठे. थोरली पहिल्यांदाच आपल्या हाताने हिशेब लिहून देऊ लागली.

त्या हिशेबांतून १९३० च्या सुमारास एक मोठा गैरसमज निवळला. तोवर पुष्कळांची समजूत होती, की तारांवरचे संकट मुख्यतः शेजारी पडलेल्या विजेच्या प्रभावाने येते. चार्ल्स फोर्टेस्क्यूने आग्रहाने मांडले, की मोठ्या दाबाच्या तारांचा खरा शत्रू प्रत्यक्ष अंगावर पडणारी वीजच आहे. तेव्हा तारांच्या वर छत्रासारखी एक मोकळी तार न्यावी आणि ती प्रत्येक मनोऱ्यातून जमिनीत उतरवावी. पुढच्या प्रवासात आगगाडीच्या खिडकीतून मोठे मनोरे दिसले तर सर्वांत वर पाहा. शेंड्यावरून जाणारी, इन्शुलेटर नसलेली बारीक तार दिसेल. तिच्यातून आपल्या घरची वीज येत नाही. खालच्यांच्या वाटचा मार खाण्यासाठी ती तिथे उभी आहे.

१९३० सालीच जनरल इलेक्ट्रिकच्या मॅकईक्रनने अरेस्टरमध्ये नवा पदार्थ आणला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या चाकात असते त्याच कार्बोरंडमचा तो होता. दाब कमी असता तो वाट अडवतो; दाब चढला की मोकळी करतो. फटींच्या जोडीने त्याने मागून येणाऱ्या धाकटीला अडवले, आणि रोजची ती नंदादीपाची सेवा संपली.

शहराच्या वेशीवर आणखी एक पेच असतो. तिथे उघडी तार संपते आणि जमिनीखालची केबल सुरू होते. वीज जमिनीखाली गेली म्हणजे सुखरूप झाली, असे आपल्याला वाटते. केबलचा अडथळा उघड्या तारेच्या दहाव्या हिश्शाएवढा, सुमारे ४० ओहम. त्यामुळे लाटेचा बराच भाग वेशीवरूनच माघारी फिरतो आणि आत शिरतो तो दाब पाचव्या हिश्शाहूनही कमी असतो. पण शिरलेली लाट केबलच्या दूरच्या टोकाला आपटून मागे येते, वेशीवर आपटून पुन्हा आत जाते. केबल आखूड असेल, तर या येरझाऱ्यांत दाब वाढत वाढत जातो. आणि केबलची जखम बरी होत नाही. उघड्या तारेभोवतीची हवा फाटली तरी क्षणात सांधली जाते. केबलमधला कागद किंवा प्लॅस्टिक एकदा भेदले की भेदले. रस्ता खणून, दोष शोधून, नवा सांधा घालावा लागतो. म्हणून वेशीवर, तार आणि केबल भेटतात तिथेच, अरेस्टरचा पहारा बसवतात.

एवढी तयारी असूनही थोरलीने जगातल्या एका महानगराला हिसका दाखवलाच. १३ जुलै १९७७ च्या रात्री ८ वाजून ३७ मिनिटांनी न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठी तारांवर वीज पडली. रक्षक यंत्रणेने तारा तोडून वेगळ्या केल्या; पण लगोलग त्या पुन्हा जोडल्या जायला हव्या होत्या, तशा जोडल्या गेल्या नाहीत. पावणेनऊनंतर दुसरी वीज पडली. उरलेल्या तारांवर भार चढत गेला आणि साडेनऊच्या सुमारास सगळे शहर काळोखात गेले. दिवे पूर्ववत व्हायला दुसरी रात्र उजाडावी लागली. तेवढ्या वेळात दुकाने लुटली गेली, आगी लागल्या, साडेतीन हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. जुनाच धडा इथे पुन्हा मिळाला: नुकसान झाले ते वाट उघडताना नव्हे, ती पुन्हा पहिल्यासारखी न झाल्याने.

या धड्याचे उत्तर तोवर जपानात निघालेही होते. मात्सुशिता कंपनीच्या मिचिओ मात्सुओका याने १९७१ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. जस्ताची भस्मासारखी पांढरी पूड, म्हणजे झिंक ऑक्साइड, थोड्या इतर धातूंसह भट्टीत भाजून केलेली ती वडी होती. नेहमीच्या दाबाला ती जवळजवळ भिंत. दाब चढताच सताड उघडे दार. आणि दाब उतरताच पुन्हा भिंत. फट नको, ज्वाला नको, विझवणेही नको. आज आपल्याकडच्या सबस्टेशनांतही चिनीमातीच्या किंवा रबरी वळ्यांच्या उंच नळकांड्यांत अशाच वड्यांची चवड उभी असते. सांडवा आपला आपण मिटू लागला.

*

इतिहास इथे संपवता आला असता. पण हिशेब पुरा होत नाही. तारेसाठी माणसाने एवढे केले. छत्र धरले, पहारा बसवला, वाट करून दिली. ज्या शिवारांवरून या तारा जातात तिथे काय आहे? भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. त्यांत शेतावर राबणारे, गुरे राखणारे फार. वळीव आला की माणूस एकट्या झाडाखाली धावतो, आणि रिखमान जिथे उभा होता नेमक्या त्याच जागी जाऊन उभा राहतो: विजेच्या वाटेत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजेची सूचना देणारी एक सोय मोबाइल फोनवर केली आहे. तिचे नावही 'दामिनी' असे ठेवले आहे. थोरलीचेच हे आणखी एक जुने नाव. कडकडाट ऐकू येताच झाड सोडावे, माळ सोडावा, पक्क्या घरात जावे, एवढे शहाणपण त्या सूचनेबरोबर घरोघर पोचायला हवे. ट्रान्सफॉर्मर वाचवायला जे शास्त्र लागले त्या मानाने हे काम सोपे आहे.

या दिवाळीत अंगणातल्या माळा लावाल तेव्हा क्षणभर धाकटीच्या वाटेचा विचार करा. घाटापलीकडे, माळावर, काळोखात एक बारीक तार सर्वांच्या वर उभी आहे. आश्विनातला एखादा उशिराचा ढग तिच्यावर गडगडत असेल. थोरली आली, तर ती तिला अडवणार नाही. वाट करून देईल. आपल्या पणतीशेजारचा दिवा एकदा मिचकावेल, आणि पुन्हा पहिल्यासारखा तेवू लागेल.